चुलीचे तीन दगड

कस्तुरीला काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं की उलट तिला जास्तच धास्ती वाटायची, आपल्या नजरेतून असं काय निसटलंय म्हणून. गॅस बंद केला का, तन्वीच्या दप्तरात छत्री टाकली का, जळणारा कचरा आज ठेवायचा की उद्या, व्हिसाची मुदत नोव्हेंबरातच संपते ना, तिकडे आटपाडीला बाबांनी गोळी घेतली असेल का. चहाला उकळी येईपर्यंत एवढी उजळणी झालेली असायची. नवरा नचिकेत म्हणायचा, "तू काळजीचीच अरुबाइतो धर. चोवीस तास ड्यूटी करशील." अरुबाइतो म्हणजे जपानीत पार्टटाइम नोकरी. ती तर तिला होतीच, ग्योतोकु स्टेशनजवळच्या बेकरीत सकाळी नऊ ते एक पाव पिशव्यांत भरायची. तिथेही तिला घोर होताच, की गोड पावाच्या पिशवीत आपण माशाचा पाव तर टाकला नाही ना.

पण या गोष्टीतली काळजी खरी होती. ती कस्तुरीने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती, आणि तीही बापाने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असताना.

बाप म्हणजे प्रल्हाद. मृदसंधारण खात्यात पर्यवेक्षक म्हणून जन्म काढलेला माणूस. बहात्तरच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारने ओढ्या-नाल्यांवर जे दगडी बांध घालून घेतले, त्यातले कितीतरी यांच्या देखरेखीखाली झाले. कस्तुरी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली, पण दुष्काळ काही घरातून गेला नाही. इतरांचे बाप रविवारी पोरांना जत्रेला नेत, हे तिला सायकलच्या दांडीवर बसवून बांध दाखवायला नेत. "बघ कस्तुरे, चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडाला दगड. पाणी निघून जातं, माती मागे राहते." कस्तुरी जांभया देई. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं, की नवरा करायचा तर मातीशी ज्याचा काडीचा संबंध नाही असाच. तसा मिळालाही. नचिकेत पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा, आणि दोन हजार एक साली कंपनीने त्याला जपानात, तोयोसुच्या ऑफिसात पाठवलं. कस्तुरी तन्वीला कडेवर घेऊन त्याच्यामागून ग्योतोकुला आली, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

इथे तिला पुन्हा मातीत ओढलं ते किनु-सानने.

किनु-सान सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी. सान म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा राव. दर बुधवारी पहाटेची गाडी धरून बोसोच्या डोंगरातून यायची. पाठीवर स्वतःच्या डोक्यापेक्षा उंच बोजा, त्यात मुळे, कांद्याची पात, रताळी, घरचं लोणचं. स्टेशनाबाहेर सायकली लावतात तिथे फडकं अंथरून बसायची आणि दुपारी रिकामं ओझं घेऊन परत जायची. कस्तुरी बेकरीतून सुटली की तिच्याकडे थांबायची. एकदा तिने मेथीचे दाणे दाखवून विचारलं, ही भाजी मिळेल का. किनु-सानने दाणा चावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "घराच्या मागे वरती एक पट्टी पडून आहे. माझे गुडघे आता चढू देत नाहीत. तूच येऊन पेर की, कासुतुरी-सान." कस्तुरीला तिची भाषा अर्धीमुर्धीच कळायची, पण जमीन देऊ करणाऱ्या बाईचं बोलणं कुणालाही कळतं.

दोन हजार चारच्या मार्चपासून मग दर दुसऱ्या रविवारी नचिकेत, कस्तुरी, तन्वी आणि शेजारच्या बिल्डिंगमधली दीपाली आपल्या घरच्यांसह तिथे जाऊ लागले. तीन गाड्या बदलायच्या, शेवटची एका डब्याची डिझेलची. दोन डोंगरांच्या बेचक्यात एक चिंचोळी घळ वर चढत गेलेली, आणि त्या घळीत मधेच परातीसारखी सपाट, काळीभोर जमीन, दोनेक गुंठे. पायवाट बाजूने वर यायची. पट्टीच्या पुढच्या कडेला बांबूची गच्च जाळी, खाली शेवाळलेल्या दगडांचा उतार, आणि त्याच्या खाली जेमतेम चाळीस पावलांवर किनु-सानचं पत्र्याच्या छपराचं घर. मेथी अशी फोफावली की ग्योतोकुतल्या सहा-सात मराठी घरांत गुरुवारी मेथीची भाजी ठरूनच गेली. डोंगराळ घळीत एवढी सपाट जमीन आली कुठून, हा प्रश्न काही कस्तुरीला पडला नाही. नको त्या शंभर गोष्टींचा घोर करणाऱ्या बाईला नेमका हवा तो पडला नाही.

सप्टेंबर संपता संपता एका रविवारी पिठलं-भाकरीचा बेत ठरला. किनु-सान त्या दिवशी बहिणीच्या गावाला गेली होती. नचिकेतने गॅसची छोटी शेगडी आणली होती, पण दीपालीने नाक मुरडलं. "गॅसवरचं पिठलं खायला एवढं लांब कशाला यायचं? चूल मांडू या की!"

"दगड मी आणते," कस्तुरी म्हणाली. शेतावर गेलं की तीन दगड शोधायचे, चूल मांडायची, जेवण झालं की उठून चालू पडायचं. आपल्याकडे यात विचारायचं काय असतं? दगड कुणाचा नसतो.

ती बांबूतून वाट काढत कडेखाली उतरली. वरचे दगड गोलमटोल, डुगडुगणारे. अगदी खालच्या ओळीतले मात्र बसके, एका अंगाने सपाट, चुलीसाठी घडवल्यासारखे. घडवलेलेच होते ते, पण तिला भूक लागली होती. दोन दगड हलवून हलवून निघाले. तिसरा हटून बसला, तेव्हा नचिकेतने कुदळीचा दांडा घालून तो उचकटला. मागून ओंजळभर ओली माती घरंगळली. तन्वी जपानीत म्हणाली, "आई, भोक पडलं." कस्तुरी म्हणाली, "असू दे."

पिठलं फार छान झालं. दगड इतके आवडले की दीपालीने सर्वांत मोठा पाटा म्हणून घरी नेला. एक कस्तुरीच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली गेला, आणि एक खोलीचं दार आपटू नये म्हणून दाराशी बसला.

दहा-बारा दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी तिने आटपाडीला फोन लावला. बाबांना शेताबद्दल ऐकायला आवडायचं. ती सांगत होती, मेथी कशी, मुळा कसा, जमीन कशी भुसभुशीत. बाबा मध्येच म्हणाले, "थांब जरा. घळीत आहे म्हणालीस ना शेत? मग सपाट कसं?"

"आहे सपाट. चांगलंय की."

"घळीत सपाट शेत आपोआप होत नसतं गं. पुढच्या अंगाला काय आहे?"

"काही नाही, बांबू. खाली दगडांचा ढीग आहे, शेवाळलेला."

"ढीग की रचलेत?"

कस्तुरीच्या डोळ्यांसमोर ती खालची ओळ आली. सरळ होती ती. एका दोरीत.

"बाबा, त्यातले तीन दगड आम्ही चुलीला काढले."

मग बाबांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, आणि ते आवाज चढवत नाहीत तेव्हाच प्रकरण गंभीर असतं हे तिला ठाऊक होतं. "वरून काढलेत की खालून?"

"खालून."

"अगं, पायथ्याचे दगड काढलेस तू! ती ताल आहे, ताल. माती अडवायला घातलेला दगडी बांध. पुरुषभर उंचीची असेल तर तिच्यामागे पन्नास-साठ वर्षांची माती साठलेली असणार. तुमची मेथी त्या गाळावर उगवतेय. खाली काय आहे? ओढा?"

"घर आहे. म्हातारीचं. एकटी असते."

"पाऊस आहे का तिकडे?"

पाऊस! त्या वर्षी वादळांनी ताळतंत्र सोडलं होतं. विसाव्यानंतर कस्तुरीने मोजायचं बंद केलं होतं. टीव्हीच्या कोपऱ्यात आत्ताही नकाशावर पांढरं वर्तुळ फिरत होतं, आणि ते शनिवारी दुपारी आपल्याच, कांतो भागावर येईल असं ती बाई हसतमुखाने सांगत होती.

बाबांनी एक-एक गोष्ट लिहून घ्यायला लावली. आधी भोकातून येणारं पाणी बघ. नितळ असेल तर देवाची कृपा. मातकट असेल तर समज, आतली माती सुटायला लागलीय. दगड त्याच जागी, सपाट बाजू बाहेर. मागे आधी बारीक कपच्या ठासायच्या, मग दगड. बाहेरचा कुठलाही दगड घालू नकोस, त्या मापाचाच हवा. शेवटी म्हणाले, "माझ्या पोरीने ताल उचकटली," आणि फोन ठेवला.

कस्तुरीने कॉम्प्युटरवर त्या रविवारचे फोटो उघडले. पिठल्याच्या पातेल्याशी हसणारी दीपाली, आणि तिच्या मागे, बांबूच्या सावलीत, काळं भोक. दात पडलेल्या तोंडासारखं. त्या फोटोत आपणही हसतोय, हे बघून तिला स्वतःची किळस आली.

नचिकेत घरी आला तेव्हा ती दाराजवळच्या दगडापाशी मांडी घालून बसली होती. त्याने सगळं ऐकलं, टाय सैल केला आणि आधी जे बोलायला नको तेच बोलला. "हे बघ, कुणाला सांगू नकोस. नोव्हेंबरात व्हिसा रिन्यू करायचाय. उद्या परदेशी लोकांनी बांध फोडला म्हणून कुणी तक्रार केली, तर कंपनीपर्यंत जाईल."

"तिचं घर गेलं तर?"

"जाणार नाही गं. बाबांना सवय आहे सगळं वाढवून सांगायची. रविवारी जाऊ, गुपचूप बसवू."

"वादळ शनिवारी आहे, नचिकेत!"

"शुक्रवारी माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. मी नाही म्हणूच शकत नाही. बॉस आहे तो, तानाका-सान मला उभा चिरेल."

तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर तो कस्तुरीसारखा बोलत न बसता गप्प करायला बघायचा. कस्तुरीने ठरवलं, जायचं, एकटीने, आणि किनु-सानला कळू न देता दगड बसवून यायचं. या दुसऱ्या भागावर दोघांचं एकमत झालं, आणि तिला त्याचीच लाज वाटत राहिली.

गुरुवारी ती दीपालीकडे गेली. "पाटा दे माझा."

दीपालीचा चेहरा उतरला. तिने बाल्कनीतून दोन तुकडे आणून दाखवले. "अगं, परवा खोबरं-लसूण ठेचायला घेतलं आणि सरळ दोन भाग. चुलीत आतून तडकला होता वाटतं. टाकून द्यायचं म्हटलं तर दगड कुठल्या कचऱ्यात टाकायचा हेच नगरपालिकेच्या त्या कचऱ्याच्या चार्टमध्ये नाहीये. जळणाऱ्यात नाही, न जळणाऱ्यात नाही."

तीनातला एक गेला, आणि तो नेमका मोठा.

शुक्रवारी सकाळी बेकरीत ताप आल्याचं खोटं सांगून तिने चाकांची बॅग काढली. एरवी या बॅगेतून भाजणी, गोडा मसाला आणि सासूबाईंचे लाडू यायचे. आज तिच्यात टॉवेलात गुंडाळलेले दोन दगड आणि दोन तुकडे गेले. तन्वीला दीपालीकडे सोडताना पोरीने विचारलं, आपण भारतात परत चाललोय का.

जिन्यावरून बॅग उतरवताना तिचे खांदे निखळायची पाळी आली. निशि-फुनाबाशीला गाडी बदलताना एक पोलीस तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि तिने मनातल्या मनात जपानी वाक्य जुळवायला घेतलं: हे दगड आहेत, मी ते परत करायला चालले आहे. पण त्याने काही विचारलं नाही. डिझेलच्या गाडीत ती एकटीच होती. खिडकीवर बारीक पाऊस लागला. प्रत्येक स्टेशनावर तिला वाटायचं, इथेच गाडी थांबवतील, सांगतील की पुढे रूळ बुडालेत. गाडी मात्र शिस्तीत चालली होती. तिला तोही अपशकुन वाटला.

बाजूच्या पायवाटेने बॅग ओढत ती घळीत शिरली. खाली किनु-सान अंगणात मुळे धूत होती, तिची पाठ होती. कस्तुरी बांबूत घुसली, गुडघ्यावर बसली आणि भोकांपाशी हात नेला. पाणी येत होतं. तिने ओंजळीत धरलं.

पाणी मातकट होतं.

एवढं मोठं संकट आणि एवढीशी ओंजळ. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिने कामाला हात घातला. कपच्या ठासल्या, पहिला दगड ढकलला, दुसरा ढकलला. सपाट बाजू बाहेर. ते बसले, कुठल्या भोकातून कोण निघाला हे दगडांनाच ठाऊक असावं तसे बसले. मग तिसरं भोक. दोन तुकडे एकत्र धरून आत सरकवले, हात सोडला, तर वरचा बाहेर घसरला आणि मागून पुन्हा माती सुटली. पुन्हा लावले, पुन्हा तेच. आसपास दुसरा दगड शोधावा तर त्या डोंगराचा दगड हातात घेताच भुगा होणारा. हे कठीण दगड इथले नव्हतेच. कुणीतरी, केव्हातरी, लांबच्या नदीवरून ते वाहून आणले होते.

वरच्या ओळीतला एक दगड बारीकसा करकरला. कदाचित तिलाच तसं वाटलं असेल. पण ती उठली, आणि तुकडे दोन हातांत घेऊन सरळ खाली अंगणात गेली. गुपचूप करण्याचं काय ठरलं होतं, ते तिच्या लक्षातही राहिलं नाही.

"किनु-सान."

म्हातारी वळली. चिखलाने माखलेली, केस गालाला चिकटलेली, हातात फुटका दगड धरून उभी असलेली कस्तुरी बघून तिने हातातला मुळा खाली ठेवला. कस्तुरीची जपानी भाषा दुकानापुरती. माफी मागायची जी मोठाली वाक्यं असतात ती तिला कधी येतच नव्हती. तिने भिंतीकडे बोट दाखवलं, दगडाकडे दाखवलं, तीन बोटं दाखवली, "चूल," म्हणाली मराठीतच, मग "आम्ही काढले, मी काढले, मला माहीत नव्हतं," आणि तिथेच ओल्या अंगणात गुडघे टेकून रडायला लागली.

किनु-सानने तुकडे तिच्या हातातून घेतले. उलटे करून काजळी बघितली, बोटाने पुसली. "काय शिजवलंत?"

"पिठलं," कस्तुरी हुंदके देत म्हणाली. "डाळीचं पीठ. मिरची."

"हं," म्हातारी म्हणाली. तुकडे खाली ठेवून ती घरालगतच्या पडवीत गेली. तिथे लोणच्याची लाकडी पिंपं होती. एकावरचं झाकण तिने बाजूला केलं आणि मुळ्यांवर दाब म्हणून ठेवलेला दगड दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला. मिठाने पांढरा पडलेला, बसका, एका अंगाने सपाट.

कस्तुरीने तो ओळखला. तिसऱ्या भोकाचं माप तिच्या हातांत बसलं होतं.

भिंतीपाशी चढताना म्हातारीने वाटेत तीनदा दम घेतला, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं सांगितलं, अगदी सावकाश, कस्तुरीला कळेल अशा सोप्या शब्दांत. ती पाच-सहा वर्षांची असताना रेशमाच्या कोशांना कुणी विचारेनासं झालं. गावात खायचे वांधे झाले. मग सरकारने काम काढलं. डोंगराची माती शेतावर येऊ नये, वाहून जाऊ नये, म्हणून भिंती घालायच्या. बायका नदीवरून पाठीवर दगड आणायच्या, गवंडी ते घडवायचा. तिची आईही त्यांत होती. एका संध्याकाळी आईने घडवलेला एक दगड परतीच्या ओझ्यात, पाल्याखाली लपवून घरी आणला. घरातला लोणच्याचा दगड फुटला होता म्हणून.

"पायथ्याला एक दगड कमी पडला," किनु-सान म्हणाली. "गवंड्याने टाकाऊतला, तडा गेलेला दगड सारून वेळ मारून नेली. आईला ते दिसलं. बोलायची तिची हिंमत झाली नाही. काम गेलं असतं."

"मग?"

"मग काय. जन्मभर प्रत्येक वादळात दारात बसून भिंतीकडे बघायची. ती गेली, त्यानंतर मी बसायला लागले. दगड परत लावायचा तर भिंत उचकटावी लागणार, आणि पायथ्याला हात कोण लावणार? कुणाची छाती होत नव्हती." तिने कस्तुरीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पहिल्यांदाच हसू दिसलं. "तुम्हाला भूक लागली म्हणून झालं."

तिसरं भोक दोघींनी मिळून भरलं. आधी कपच्या, मग दगड. बाबांनी सांगितलेलं सगळं म्हातारीने जसंच्या तसं सांगितलं, फक्त जपानीत. लाकडी मोगरीने तिने दगडावर शेवटचे चार ठोके मारले. दगड गच्च बसला. पाणी यायचं थांबलं नाही, पण दोन्ही हात गारठेपर्यंत बघत बसल्यावर कस्तुरीला ते जरा निवळल्यासारखं वाटलं. खात्री मात्र देता येईना. चौकशी केली असती तर बाबांनीही दिली नसती.

"आमच्याकडे चला," ती म्हणाली. "उद्याच्या दिवस. प्लीज."

"घर सोडून कुठे जायचं?" किनु-सान म्हणाली. "तुझी गाडी चुकेल."

शनिवारी दुपारी वादळ आलं. ग्योतोकुला समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कनीतल्या कपड्यांच्या काठ्या उडाल्या, सायकली आडव्या पडल्या, गाड्या बंद झाल्या. कस्तुरी फोनपाशी खुर्ची ओढून बसली. किनु-सानचा फोन आधी वाजत राहिला, कुणी उचलेना, आणि चारनंतर वाजेनासाच झाला. टीव्हीवर कुठल्या तरी डोंगराची लाल माती रस्त्यावर आलेली दाखवत होते. तो डोंगर तो नव्हता, पण दर वेळी ती पडद्याजवळ जाऊन पत्र्याचं छप्पर दिसतं का बघायची. नचिकेतने तिच्यासमोर चहा ठेवला, तो निवला, त्याने दुसरा ठेवला. मग तो म्हणाला, "मी शुक्रवारी यायला हवं होतं. रिलीज गेलं खड्ड्यात." तिने चहा घेतला.

रविवारी फोन लागला नाही. सोमवारी, मंगळवारी नाही. डिझेलच्या गाडीच्या मार्गावर दरड आलीय एवढंच स्टेशनवाल्याने सांगितलं. बाबांचा रोज फोन यायचा, "काय कळलं?" आणि ती म्हणायची, "काही नाही." एवढ्या वर्षांत तिने हजारो काळज्या केल्या होत्या आणि त्या सगळ्या खोट्या निघाल्या होत्या. आता त्या सगळ्यांचा हिशोब एकदम चुकता होणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

बुधवारी बेकरीत तिने तीन पिशव्यांत चुकीचे पाव भरले. एक वाजता ॲप्रन तसाच ठेवून ती धावत निघाली. सायकलींच्या रांगेपाशी फडकं दिसत नव्हतं. ती तिथेच उभी राहिली. सव्वा वाजला, दीड वाजला.

पावणेदोनला स्टेशनाच्या पायऱ्यांवरून आधी बोजा उतरताना दिसला, मग त्याच्याखालची म्हातारी.

"बस करून यावं लागलं," किनु-सान म्हणाली, आणि नेहमीसारखंच फडकं अंथरून बसली. कस्तुरी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मेथी गेली," म्हातारी मुळे मांडता मांडता म्हणाली. "सगळी वाहून गेली. भिंत आहे."

कस्तुरीने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. लोक सायकली काढत होते, घंट्या वाजवत होते, आणि ती भर रस्त्यात रडत होती. तिला कशाचीच लाज वाटली नाही.

"तुमचा फुटका दगड मी दोरीने बांधला," किनु-सान पुढे म्हणाली. "लोणच्यावर ठेवलाय. बरा दाब देतो." मग तिने एक मुळा उगाच पुसला. "शनिवारी मी दारात बसले नाही. संध्याकाळी सहालाच झोपले. वादळात मी पहिल्यांदाच झोपले."

"मी बसले होते," कस्तुरी म्हणाली. "इथे. फोनपाशी."

"माहीत आहे मला," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर झोप लागली."

आणि तिने मुळ्यांची जुडी कस्तुरीच्या पिशवीत टाकली.